कोंडीरामभाऊंच्या बोटीचा खरा वेग

कोंडीरामभाऊंनी काहीही सांगितलं, की थेरगावातली माणसं त्यातलं निम्मं वजा करून घेत. मुलाच्या लग्नाला हजार माणूस येणार, असं त्यांनी आचाऱ्याला बजावलं होतं. आचारी डांगे चौकातलाच. त्यानं मान डोलावली, पाचशे जणांचा स्वयंपाक केला आणि तोही पुरून उरला. भाऊंना याचा कधी राग आला नाही. कुणाला गंडवावं असा त्यांचा स्वभावच नव्हता. थोडं वाढवल्याशिवाय गोष्ट त्यांना अळणी लागायची, इतकंच.

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत नव्या गाड्या ट्रॅकवर पळवून बघणं, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, तेव्हा त्यांनी बोट बांधायला घेतली. चाकणच्या पलीकडच्या धरणावर काही हौशी मंडळी ड्रॅग बोटींची शर्यत लावत. त्यात वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. उभ्या जागेवरून बोट सोडायची आणि समोरच्या झेंड्यापर्यंत नाकासमोर हाणायची. भाऊंनी बंपर बनवणाऱ्या एका शेडमध्ये फायबरचा सांगाडा करून घेतला, अपघातात गेलेल्या मोटारीचं इंजिन त्यात बसवलं आणि बाहेरून ठळक अक्षरांत बायकोचं नाव लिहिलं: शालन.

शालनबाई मात्र त्या बोटीत पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

"तुमी म्हणता, बोट पक्की हाय," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुमच्या बोलण्यातलं निम्मं वजा करत आले मी. निम्मी पक्की बोट म्हंजी निम्मी बुडणारी. मला पवता येत न्हाई."

भाऊंना हे लागलं. जगानं वजा केलं तरी त्यांची हरकत नव्हती. पण जिचं नाव बोटीवर, तीच काठावर उभी राहणार, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

"साठानं पळती ती," ते म्हणाले.

"तिसानं पळत असंल."

"आन् साठ भरली तर?"

"तुमचं बोलणं एकदा तरी वजा न करता खरं निघू द्या. मंग बसते."

सून मिनल हे सगळं ऐकत होती. ती गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. साहेबांना विचारून तिनं तिथला जीपीएस लॉगर घरी आणला. साबणाच्या वडीएवढी ती काळी डबी. आकाशातल्या उपग्रहांकडून सेकंदाला दहादा आपला ठावठिकाणा काढायचा आणि कुठे किती वेग होता, ते सगळं साठवून ठेवायचं, एवढंच तिचं काम.

"बाबा, बोट पाण्यात उतरली की मगच हे बटण दाबायचं," असं मिनलनं सासऱ्यांना बजावून सांगितलं.

भाऊंनी रविवारी सकाळी दारातच बटण दाबलं. इतक्या लांबच्या उपग्रहांना आपली ओळख पटायला वेळ लागणार, अशी त्यांची समजूत. मग शेजारच्या भैरूच्या पिकअपवर बोट चढली आणि वरात धरणाकडे निघाली. पाण्यावर भाऊंनी मन भरेपर्यंत बोट पळवली.

संध्याकाळी मिनलनं डबी लॅपटॉपला जोडली. पडद्यावर सगळ्यांत वर कमाल वेग आला: चौसष्ट.

शालनबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला, पुसून पुन्हा वाचला. नवऱ्याचा आकडा वाढून निघाल्याचा हा त्यांच्या संसारातला पहिलाच प्रसंग होता. त्यांनी कपाटातून निळी नारायणपेठ काढली. "पुढच्या रविवारी कधी निघायचं?" एवढंच विचारून त्या साडीला इस्त्री करायला आत गेल्या. भैरू बातमी द्यायला डांगे चौकात पळाला.

खूश नव्हते ते एकटे भाऊ. आयुष्य ट्रॅकवर गेलेला माणूस तो. साठाचा वेग कसा असतो, ते त्यांच्या बुडाला ठाऊक होतं. पाण्यावर तसं काही जाणवलं नव्हतं.

"ह्यो येग कुठं गाठला गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मिनलनं नकाशा उघडला. थेरगावातून निघालेली निळी रेघ नाशिक रस्त्याला लागली होती. मोशीजवळ एका मिसळीच्या दुकानापुढं बोट बराच वेळ थांबली होती, आणि पोट भरल्यावर डांबरी रस्त्यावर तिनं चौसष्ट गाठले होते. बोट लादल्यावर काटा चाळिसाच्या वर नेत नाही, असं भैरू शपथेवर सांगायचा.

"पाण्यावर किती?"

"एकतीस. आणि हे बघा, सुटताना बोट नाक वर करते, म्हणून सुरुवातीला वेग धरत नाही. पुढं वजन हवं. वाळूची गोणी टाकून बघा." मग तिनं आवाज खाली आणला. "आकड्याचं मी कुणाला सांगणार नाही, बाबा. तुमचं तुम्ही ठरवा."

भाऊ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत शालनबाई गुणगुणत इस्त्री फिरवत होत्या. गप्प राहिलं तर ती बसणार होती, आणि त्यांना तेवढंच तर हवं होतं. पण ती बसणार कशाच्या भरवशावर, तर भैरूच्या पिकअपच्या. हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. ते पुन्हा दाराशी गेले.

"अगं, ते चौसष्ट पिकपचं हाय. बोट एकतिसानं पळती. एकतीस, बास."

शालनबाईंनी इस्त्री उभी ठेवली. "साठाचं निम्मं तीस. म्हंजी माझा हिशेब एकानं चुकला."

"मंग साडी ठिवून दे."

"कशाला? आज पयल्यांदाच वजा करण्याजोगं काय ठेवलं न्हाई तुमी. बसते मी."

रविवारी धरणावर शालनबाई नारायणपेठ नेसून आल्या. भाऊंनी त्यांना लाइफ जॅकेट दिलं.

"ह्यानं माणूस तरंगतं न्हवं?"

"एकदम पक्कं," भाऊ सवयीनं म्हणाले.

शालनबाईंनी आणखी एक जॅकेट मागून घेतलं आणि त्यावर चढवलं. मग, बसायचंच तर सगळं दिसायला हवं, म्हणून त्या थेट पुढे जाऊन बसल्या. या वेळी बटण मिनलनं दाबलं, बोट पाण्यात उतरल्यावर. भाऊंनी बोट सोडली. नाक जरासुद्धा वर न करता ती झेंड्यापर्यंत सरळ गेली. बोट काठाला आल्यावर मिनलनं डबी लॅपटॉपला जोडली तर वेग छत्तीस, आणि झेंडा मागच्यापेक्षा कितीतरी लवकर गाठलेला.

शालनबाईंचा चेहरा उजळला. "आज येवढी कशी ओ पळाली?"

भाऊंनी मिनलकडे पाहिलं. मिनलनं पडद्यात डोकं घातलं. खरं बोलायची सवय भाऊंना अजून नवी होती, आणि शालनबाई अजून बोटीतच होत्या.

"तुझा पायगुण," ते म्हणाले.

शालनबाईंनी वरचं जॅकेट सोडलं. "निम्मा पायगुण," त्या म्हणाल्या. "आन् उरलेलं निम्मं?"

भाऊ उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भैरू पिकअपमधून खांद्यावर ओझं घेऊन काठावर आला.

"भाऊ, ही वाळूची गोणी माघारी नेऊ का? वहिनी पुढं बसल्यात, आता लागायची न्हाई."

भाऊंनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत काहीतरी शोधत राहिले.