एक बाहेर, तर एक आत

तुम्ही दोघी मिळून एक अद्भुत गोष्ट लिहिता आहात, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. तिच्यात उडणारे डोंगर आहेत आणि नायिका मेली की दर वेळी परत उठून बसते, असंही कळलं. "गोष्टीत काय, काहीही होऊ शकतं ना, आजी!" असं धाकटी मागून ओरडली. मी हसले आणि विषय बदलला. मला जे म्हणायचं होतं ते फोनवर मावलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

मीही एकदा अशी गोष्ट लिहिली होती. तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे सामायिक विहीर. ओट्यावर उभं राहिलं की कोपरच्या बाजूची भातखाचरं सरळ दिसत, मधे काही नव्हतं. तुमचे आजोबा आंबिवलीला एका कारखान्यात होते. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ ठाण्याहून मुलांचं मासिक काढत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आहे हे ऐकल्यावर ते म्हणाले, "वहिनी, परीकथा नकोत. पऱ्या फार झाल्या. काहीतरी नवं द्या, दर महिन्याला एक प्रकरण."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी आधी पट्टी घेऊन नकाशा काढला. माझ्या गोष्टीतलं नगर खाडीपलीकडे होतं, भोवती तट आणि तटाला एकच वेस. वेशीवर एक म्हातारी राखणीला. नगराचा नियम एकच: एक बाहेर गेला, तरच एक आत येईल. माणसांची संख्या कमी व्हायची नाही, वाढायची नाही. हा नियम मला सुचला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. नियमातून गोष्टी आपोआप निघतात, हे मला पहिल्या प्रकरणातच कळलं. बाजाराला जाणारा माणूस वेशीबाहेर पडायचा, की बाहेर ताटकळणारा पाहुणा आत यायचा. मग बाजारवाल्यानं परत यायचं कसं? तर दुसरा कोणीतरी बाहेर जाईपर्यंत तटाखाली बसून राहायचं. भांडणं, युक्त्या, अदलाबदली, सगळं त्यातूनच आलं.

पहिलं प्रकरण छापून आलं आणि त्याच थंडीत माझ्या सासूबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त.

माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, कल्याणच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. मी त्यांना मामंजी म्हणे. सासूबाईंनंतर ते बोलेनासे झाले. रागावून नाही, नुसतेच. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. ताटात वाढलेलं अर्धं तसंच राहायचं, पुढे अर्ध्याहून जास्त राहू लागलं. डॉक्टर तपासून म्हणाले, दुखणं काही नाही. बाहेर आल्यावर तुमच्या आजोबांना हळूच म्हणाले, "पण अशी माणसं नुसती मिटत जातात. त्यांना कशात तरी गुंतवा."

वर्तमानपत्र वाचून दाखवलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं. पोथी नको. शेवटी एका संध्याकाळी दिवा लावल्यावर मी माझंच दुसरं प्रकरण हातात घेतलं. म्हटलं, "मामंजी, संपादकांना धाडायचंय, कुठे चुकलं तर सांगा." आणि वाचायला लागले. दोन-चार वाक्यं झाली आणि भिंतीकडून आवाज आला, "हं."

तुम्हाला हा हुंकार माहीत नसेल. आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं मधूनमधून हं म्हणायचं असतं. तो थांबला की सांगणाराही थांबतो. सासूबाई श्रावणात कहाण्या वाचायच्या तेव्हा मामंजी बाहेर ओट्यावर दाढी करता करता हुंकार द्यायचे. त्या आतून ओरडायच्या, "अहो, कान कापाल!"

त्या दिवसापासून रोज थोडं वाचायचं असं ठरून गेलं. मला त्यात लिहिण्याचं शिक्षणच मिळालं. कॉलेजात आम्हाला कथानकाच्या आकृत्या शिकवल्या होत्या, त्यांपेक्षा तो हुंकार खरा. जिथे मी उगीच वर्णन लांबवलं असेल तिथे तो उशिरा यायचा. जिथे जादू फुकट झाली असेल तिथे यायचाच नाही. मी तिथे पेन्सिलीनं खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून तेवढं पुन्हा लिहायची. मामंजींचं जेवणही किंचित वाढलं.

चौथ्या प्रकरणात माझी नायिका, आठ वर्षांची मुलगी, वादळात बाहेर अडकली. आतून कोणी बाहेर जायला तयार होईना. तेव्हा वेशीवरची म्हातारी किल्ल्या खुंटीला अडकवून स्वतः बाहेर पडली आणि मुलीला म्हणाली, "पाय धुऊन आत जा." म्हातारी अंधारात निघून गेली.

मी ते अगदी सरळ मनानं लिहिलं होतं. वाचताना मात्र जीभ अडखळली. आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, सासूबाई हेच वाक्य म्हणायच्या. मामंजी भिंतीकडून वळले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी पूर्ण वाक्य उच्चारलं.

"ती परत कधी येते?"

"बघते, मामंजी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री त्यांनी भाताला हात लावला नाही. तुमचे आजोबा मला म्हणाले, "अगं, आण ना तिला परत. लेखणी तुझ्या हातात आहे, अडचण कसली?"

मलाही ते पटलं. मी पाचवं प्रकरण लिहिलं. त्यात एक निळा पक्षी आला, त्यानं वेशीवर पंख फिरवला आणि त्या एका रात्रीपुरता नियम निजला. म्हातारी आत आली. भाषा छान जमली होती. मी वाचू लागले. पक्षी आला, हुंकार नाही. नियम निजला, हुंकार नाही. म्हातारी आत आली, तिनं पाय धुतले. खोलीत नुसता माझाच आवाज.

"आवडलं नाही का, मामंजी?"

"बाहेर कोण गेलं?"

"कोणीच नाही. त्या रात्री नियम..."

"मग बेरीज चुकली." ते शांतपणे म्हणाले. "सूनबाई, ही गोष्ट नव्हे, हे लाड झाले. आज तू तिला फुकट आत आणलंस. उद्या कोणी बाहेर गेलं तर मला त्याचं काही वाटेल का?"

मी कागद मिटले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तिचा म्हातारा असेल ना घरात? त्याला बाहेर पाठव. तो तिच्याकडे जाईल. एक जागा रिकामी होईल. हिशोबात बसतं."

बसत होतं. नियमाप्रमाणे अगदी चोख बसत होतं, आणि तेच मला नको होतं. मी ते प्रकरण लिहिलं असतं तर त्यांनी प्रत्येक वाक्याला हं म्हटलं असतं, हे मला दिसत होतं. मी टेबलाशी बसायची आणि उठायची. ठाण्याहून संपादकांचा निरोप आला, मजकूर कुठे आहे? मी कळवलं, घरी आजारपण आहे. ते खोटंही नव्हतं.

मग एका सकाळी दुधाचं पातेलं रिकामं सापडलं आणि शेजारी मांजर अंग चाटत बसलेलं.

"मागच्या दाराची कडी कोणी लावली नाही?" तुमचे आजोबा.

"मला वाटलं तुम्ही लावलीत."

"मी कधी लावतो? कडी आई लावायची."

"आणि त्या गेल्यापासून?"

इतके दिवस ते दार नुसतंच लोटलेलं राहत होतं. मामंजी खाटेवरून म्हणाले, "मांजराला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार." तुमचे आजोबा खो खो हसले. मी हसले नाही, कारण मला माझं नगर दिसलं. म्हातारी बाहेर गेली, किल्ल्या खुंटीला राहिल्या. आणि वेस? ती उघडीच की! मी चार प्रकरणांत माणसं मोजत बसले होते. राखणीची जागा रिकामी पडली आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बिनचहाचीच लिहायला बसले. नगरात गोंधळ माजतो. कोण आलं, कोण गेलं, कोणी सांगेना. म्हातारीचा म्हातारा बाहेर जायचं ठरवून वेशीशी येतो. पाहतो तर दार वाऱ्यावर आपटतं आहे आणि ती आठ वर्षांची मुलगी एकटीच दोन्ही हातांनी ते ओढून धरते आहे. तो विचारतो, "किल्ल्या कुठे आहेत?" ती म्हणते, "खुंटीला. माझा हात पुरत नाही." म्हातारा किल्ल्या काढतो. दार लावतो. आणि तिथल्या दगडावर बसतो, कारण थोड्या वेळानं ते कोणाला तरी उघडावं लागणार असतं.

म्हातारी परत आली नाही. तिच्याबद्दल मी एक शब्दही जास्त लिहिला नाही.

संध्याकाळी वाचलं. दार आपटतं आहे, "हं." मुलीचा हात पुरत नाही, इथे तो थोडा उशिरा आला, पण आला. म्हातारा दगडावर बसला, त्यानंतर काहीच नाही. मी पेन्सिल उचलली, तसे मामंजी म्हणाले, "खूण करू नकोस. ऐकतोय."

जेवणं झाली. ताटात काय राहिलं ते मी मुद्दाम पाहिलं नाही. भांडी घेऊन विहिरीवर जायला निघाले, तर मामंजी खाटेवरून उठून मागच्या दाराशी उभे होते.

"जाऊन ये," ते म्हणाले. "तू आत आलीस की कडी मी लावतो."