भाऊजींची न झालेली सही

माझ्या मावसबहिणीच्या यजमानांइतका कायदा वाचलेला माणूस अख्ख्या न्यू जर्सीत सापडणार नाही, आणि कायद्याला त्यांच्याइतका भिणारा तर अख्ख्या अमेरिकेत नाही. वकील कायदा वाचतात तो दुसऱ्याला घाबरवायला. आमचे भाऊजी वाचायचे तो स्वतःला नीट, मुद्देसूद घाबरता यावं म्हणून. दोन हजार तीन साली मी पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा पहिली दोनेक वर्षं आयसेलिनला त्यांच्याच घरी होतो. विमानतळावर मला न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी माझ्या पासपोर्टात टाचलेलं छोटं पांढरं कार्ड मागून घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या म्हणाले, "हे हरवलंस तर तू इथे आलायस असं कुणी मानणार नाही." प्रवास कसा झाला हे त्यांनी मला घरी पोचून माझी आंघोळ झाल्यावर विचारलं. त्यांच्या स्वतःच्या कार्डाची झेरॉक्स गाडीत होती, ऑफिसच्या खणात होती आणि थंडीच्या जाकिटाच्या आतल्या खिशातही होती, प्लास्टिकच्या पिशवीत. बर्फावरून घसरून बेशुद्ध पडलो तर उचलणाऱ्याला कळायला नको का, असा त्यांचा सवाल असे.

इथे नव्या गादीला एक कापडी पट्टी शिवलेली असते आणि ती काढणं कायद्याने गुन्हा आहे असं तिच्यावर छापलेलं असतं. तो इशारा दुकानदारासाठी असतो, घेणाऱ्यासाठी नव्हे, हे लहान मुलालाही कळतं. भाऊजींच्या घरातल्या प्रत्येक गादीला, प्रत्येक उशीला ती पट्टी जशीच्या तशी होती. माझ्या आठ वर्षांच्या भाचीच्या गालावर सकाळी तिचा वळ उठलेला असे. "बाबा, इट्स जस्ट अ टॅग," ती वैतागून म्हणायची, आणि भाऊजी त्या पट्टीवर प्रेमाने अभ्रा चढवायचे. ओक ट्री रोडवर शनिवारी सगळी गुजराती-मराठी मंडळी गाड्यांमधून वाट काढत रस्ता ओलांडतात. भाऊजी मात्र पार कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत चालत जाऊन दिव्यातला तो चालणारा पांढरा माणूस दिसायची वाट बघत. एकदा ताईने पलीकडे जाऊन मेथी निवडून घेतली, ओळखीच्या बाईशी पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि ती परत अलीकडे आली, तरी हे अजून कोपऱ्यावरच. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी थांबवून ते मोठ्याने एक, दोन, तीन म्हणत आणि मागचा भोंगा वाजवायला लागला की घाईत आपण चुकीचं मोजलं असेल म्हणून पुन्हा एकपासून सुरू करत.

मी हसायचो. वय पंचवीस, पगार डॉलरमध्ये, हसायला काय जातं. एकदा ताईने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "त्यांना हसू नकोस. आपण सगळे या घरात आहोत ते त्यांच्या भीतीमुळे." मग तिने जे सांगितलं त्यावर मला हसता आलं नाही. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या वर्षी पेट्रोलपंपावर एका माणसाने भाऊजींच्या गाडीच्या काचेवर मूठ आपटली होती आणि परत जा म्हणून ओरडला होता. भाची मागच्या सीटवर होती. त्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या मुलाची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा जातो, म्हणून त्याने घरातलं सामान फुटपाथवर ठेवलं आणि पंधरा दिवसांत बायकोमुलाला घेऊन परत गेला. त्याचा पाळणा भाऊजींनी आणला, तो आमच्या तळघरात होता. भाऊजींचा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा दोन वर्षं पडून होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं, पण यांच्या पाठीमागचा मी पाहिला नव्हता एवढंच.

अशा या माणसाने आइस हॉकीच्या सबंध सीझनची दोन तिकिटं घेतलेली असावीत, ही गोष्ट मला आजही नीट पचलेली नाही. भाऊजी खडकीचे. तिथे मुलांच्या हातात पाटीच्या आधी हॉकीची काठी येते. गवतावरची हॉकी आणि बर्फावरची हॉकी यांत काठीखेरीज काहीच सारखं नाही, पण त्यांना तेवढी पुरली. ताईला थंडी सोसत नसे, म्हणून दुसऱ्या खुर्चीवर माझी वर्णी लागली. पहिल्या दिवशी मी त्यांना बघून घाबरलो. स्टॉपच्या पाटीपाशी तीन अंक मोजणारा हा माणूस खुर्चीतून उठून, गळ्याच्या शिरा ताणून, "हाण! अरे हाण की गाढवा!" असं शुद्ध मराठीत ओरडत होता. पंचाला त्यांनी जी विशेषणं लावली ती ताईसमोर उच्चारण्यासारखी नव्हती. पलीकडच्या खुर्चीवर वॉल्टर नावाचे एक म्हातारे असत, जन्मभर बॉयलर दुरुस्त केलेले, युनियनचे जुने माणूस. ते भाऊजींना प्रोफेसर म्हणत, कारण मध्यंतरात सगळे बियर आणायला जात तेव्हा भाऊजी तिकिटाची मागची बाजू वाचत बसलेले असत. तीन तास ओरडून घसा बसला की परतीच्या वाटेवर भाऊजी गाडीत गुणगुणत. त्यांना गुणगुणताना मी इतरत्र कुठे ऐकलं नाही.

दोन हजार चारच्या सप्टेंबरात मालक आणि खेळाडू यांचं पगारावरून फिसकटलं आणि मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. खेळ बंद. थोड्या दिवसांनी तिकीटधारकांना संघाकडून पत्र आलं, सोबत एक फॉर्म. न झालेल्या सामन्यांचे पैसे संघाकडेच ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुमची खुर्ची तुम्हाला. पैसे परत हवे असतील तर मिळतील, पण खुर्चीची हमी नाही. काहीही निवडा, खाली सही करा आणि ठरल्या तारखेआत पाठवा. भाऊजींनी ते पत्र तीनदा वाचलं, मग कपाटातून जुनं तिकीट काढून मागची बारीक अक्षरं भिंगाखाली धरली. "यात लिहिलंय की तिकीट म्हणजे हक्क नव्हे," ते म्हणाले. "फक्त आत येण्याची परवानगी. आणि ती कधीही काढून घेता येते. अरे, हे तर आपल्या व्हिसासारखंच आहे." त्यांचा चेहरा उतरला. मला वाटतं, खेळ बंद पडल्याचं दुःख त्यांना तेव्हा झालंच नाही; इतकी वर्षं आपण त्या खुर्चीत बिनधास्त ओरडलो तेही परवानगीवरच, हे कळल्याचं झालं.

वॉल्टरनी तीसेक तिकीटधारक गोळा केले. एका चर्चच्या तळघरात शनिवारी सकाळी बैठक झाली, मी भाऊजींना घेऊन गेलो. तिथे जो तो तावातावाने बोलत होता आणि कुणीच काही वाचलेलं नव्हतं. तासाभराने वॉल्टर म्हणाले, प्रोफेसरला विचारा. भाऊजी आधी खुर्चीतच आकसले, मग हळूहळू बोलायला लागले. खेळच झाला नाही तर पैसे परत मागणं हा आपला हक्क, त्यासाठी कुणी मेहरबानी करत नाही. आणि हक्क मागितला म्हणून खुर्ची काढून घेणं ही शिक्षा झाली, तशी अट टिकणार नाही. भांडण मालक आणि खेळाडूंचं आहे, आपण त्यात कुणाच्याच बाजूने नाही, आपण फक्त दारात उभे आहोत. पत्र भाऊजींनीच लिहावं असं ठरलं. आठवडाभर ते ऑफिसातून आले की जेवणाच्या टेबलावर बसत. तसं पत्र मी जन्मात वाचलं नाही: एकही शब्द चढा नाही आणि एकही जागा पळवाटेला ठेवलेली नाही. खाली सह्यांसाठी रेघा होत्या. पहिली रेघ वॉल्टरनी प्रोफेसरसाठी रिकामी सोडली होती.

आणि इथे मी गाढवपणा केला. आमच्यासारखा बाहेरच्या देशातला माणूस नोकरीवर ठेवायचा तर कंपनीला सरकारच्या श्रम खात्याला एक कागद लिहून द्यावा लागतो आणि त्याची प्रत ऑफिसात सर्वांना दिसेल अशी लावावी लागते. आमच्या ऑफिसात ती कॉफीच्या मशीनजवळ होती. कॉफी भरताना मी सहज वाचली, तर त्यात लिहिलेलं: या कामाच्या जागी, या कामात, संप किंवा टाळेबंदी चालू नाही. मला मजा वाटली. रात्री जेवताना मी भाऊजींना म्हणालो, "सांभाळून हं भाऊजी. आपल्या व्हिसाच्या कागदात टाळेबंदी नाही असं लिहिलंय, आणि तुम्ही तर टाळेबंदीच्या भांडणात सही करताय. उद्या श्रम खात्यात एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी आल्या म्हणजे?"

भाऊजींनी घास ताटात ठेवला. मी लगेच हसलो, गंमत केली म्हणालो. तो कागद ज्याच्या त्याच्या कंपनीबद्दल आहे, हॉकीचा त्याच्याशी काय संबंध, हेही दहा वेळा समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गंमत तू केलीस रे. कागदाने नाही केली."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. पत्राच्या पहिल्या रेघेवर त्यांनी सही केली नाही. वॉल्टरना सांगितलं की मजकूर माझा, नाव तुमचं. म्हातारबाबांनी फार विचारलं नाही; कागद पुढे ओढला आणि पहिल्या रेघेवर स्वतः सही केली. राहिला संघाचा फॉर्म. त्यात एक ओळ होती की सही करणाऱ्याला सर्व अटी मान्य आहेत, आणि अटींमध्ये पुन्हा तो शब्द होता, टाळेबंदी. भाऊजी म्हणाले, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही नको. वकिलाकडे निरोप ठेवला. वकिलाच्या सेक्रेटरीला हॉकीचं तिकीट आणि ग्रीन कार्ड यांचा संबंध कळेना, आणि तिने तो निरोप कशाखाली ठेवला देव जाणे. फॉर्म ताईच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या पाटाखाली गेला. रोज संध्याकाळी भाऊजी दिवा लावायच्या निमित्ताने जात, पाट उचलत, वाचत, परत ठेवत. दारातल्या पत्रपेटीत सरकारी पत्रं येतात तसलं खिडकीवालं पाकीट दिसलं की ते उघडण्याआधी पायरीवर बसत. एकदा ताई चिडून म्हणाली, "मी करते सही." तर ते इतके पांढरेफटक पडले की तिने पुन्हा विषय काढला नाही. मी रोज म्हणत होतो, करा हो भाऊजी, काही होत नाही. पण घाबरवलं होतं मीच, आणि घाबरवणाऱ्याच्या तोंडच्या धीराला काय किंमत असणार? ठरली तारीख आली आणि गेली.

मग वॉल्टरचा फोन आला. संघाने माघार घेतली होती. पत्रावर सह्या करणाऱ्यांना पैसेही परत मिळणार होते आणि खुर्च्याही राहणार होत्या. ज्यांनी पत्रावरही सही केली नाही आणि फॉर्मही पाठवला नाही, त्यांनी जागा सोडली असं धरलं जाईल, अशी संघाच्या उत्तरात शेवटी एक ओळ होती. वॉल्टरनी ती वाचून दाखवली नाही. तेच उत्तर भाऊजींना स्वतंत्र पाकिटातून आलं आणि त्यांनी ते पायरीवर बसून वाचलं. एकोणतीस माणसांच्या खुर्च्या वाचवणाऱ्या माणसाची तेवढी गेली. वॉल्टर संघाशी भांडायला निघाले होते, त्यांना भाऊजींनीच हात जोडून थांबवलं. फेब्रुवारीत तो सगळाच सीझन रद्द झाला, म्हणजे त्या वर्षी कुणाचंच काही चुकलं नाही. तेवढ्यावर आम्ही सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या शरदात हॉकी सुरू झाली. भाऊजी गेले नाहीत. टीव्हीवर बघायचे, आवाज बारीक ठेवून. त्यांचं ग्रीन कार्ड आणखी दोन वर्षांनी आलं. ताईने पुरणपोळी केली. भाऊजींनी कार्डाची मागची बाजू वाचली आणि म्हणाले, "परमनंट म्हणतात खरं, पण अटी आहेत." आनंदाच्या भरात मी दोन तिकिटं काढली. चांगल्या जागा शिल्लक नव्हत्या, सर्वांत वरची रांग मिळाली, छताला टेकून. तिथून खेळाडू बोटाएवढे दिसत. खाली आमच्या जुन्या खुर्च्या भाऊजींनी नजरेने बरोबर शोधून काढल्या. तिथे कुणी तरुण नवराबायको बसले होते, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांचे वॉल्टर.

पहिला गोल झाला. सगळं स्टेडियम उठलं. भाऊजीही उठले, टाळ्या वाजवल्या, सभ्यपणे, सत्कारसमारंभात वाजवतात तशा. मी म्हणालो, "ओरडा की भाऊजी. आता कुणाच्या बापाची भीती आहे?"

"इथून नको," ते म्हणाले. "ही आपली जागा नाही."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. बहुधा कॉफीच्या मशीनजवळ उभ्या असलेल्या त्या पंचवीस वर्षांच्या शहाण्याचा. मग मीच उठलो आणि जीव खाऊन खाली वॉल्टर, वॉल्टर म्हणून हाका मारल्या. वरची ती रांग आणि खालची ती गर्दी, त्यांना काय ऐकू जाणार? आजूबाजूचे लोक मात्र वळून बघायला लागले. भाऊजींनी माझी बाही धरून मला खाली बसवलं, पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यापाशी वाकून "सॉरी" म्हणाले, आणि मग माझी बाही सोडायची त्यांना आठवणच राहिली नाही. खेळ संपेपर्यंत ती त्यांच्या मुठीत होती. मी सोडवून घेतली नाही.