शुक्रवारची गोळी

अंबरनाथच्या आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर माणसाच्या बोटांच्या बेचक्या आधी बघतात, तोंड नंतर. एमआयडीसीतले आम्ही आठ जण एका खोलीत, चार गाद्यांवर पाळीपाळीने झोपायचो. खरजेचं मलम तीनदा लावून झालं, पण दर वेळी निम्मे ड्यूटीवर. खाज परत यायची. कंपनीत कोणी हात मिळवेना.

"मलम वाईट नाही, पण ते अंगभर, सगळ्यांनी एकदम लावायचं असतं. तुम्हाला जमणार नाही. तुम्हाला गोळीच," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांना सांगून सिस्टर शुक्रवारी, कंपनीच्या सुट्टीला, स्वतः खोलीवर आल्या. आठही जणांना समोर गोळ्या गिळायला लावल्या, चादरी उकळून घेतल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

महिन्याने सिस्टरनी आमच्या बेचक्या तपासल्या, हातमोजे काढले आणि मॅच जिंकल्यासारखा एकेकाशी हात मिळवला.