एका स्पीकरची उलटी वायर

माझे भाऊजी वायरमन. उभी हयात लोकांच्या घरांत दिवे लावण्यात गेली. ताई गेल्यावर स्वतःच्या घरात मात्र त्यांनी स्वयंपाकघरातला एकच दिवा चालू ठेवला, तोही भर दुपारी. मी बंद केला की उठून पुन्हा लावायचे.

"असू दे," म्हणायचे. "तिचं काम चाललंय आत."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, भाऊजी कामातून गेले.

ताई शिवणाचे क्लास घ्यायची. ज्या मुलींचा वर्ग बुडायचा त्यांच्यासाठी तिने एक धडा कॅसेटवर भरून ठेवला होता. ती एवढी एक कॅसेट ऐकायला भाऊजींनी जुन्या बाजारातून अॅम्प्लिफायर, टेपडेक आणि दोन स्पीकर आणले. वायरीवर आणखी खर्च कशाला, म्हणून कामावरची उरलेली दुपदरी वायर लावली. दोन्ही पदर काळेच.

एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं आणि टेप लावली. ताईचा आवाज आला, पण स्पीकरमधून नाही. आधी पाठीमागून आला, मग खिडकीपाशी, आणि मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दाराशी. "कापड आधी उलटं करा," ती सांगत होती. "थांबा हं, गॅस बंद करून येते." मग नुसती खरखर. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भाऊजी दाराकडे बघत होते, रोजचंच असल्यासारखं.

"फिरते ना?" ते म्हणाले.

भीती वाटली की मी चिडतो. "फिरतबिरत काही नाही. तुमची वायर भंगार आहे," म्हणालो. हा माणूस असाच त्या दाराकडे बघत बसला तर एक दिवस हातचा जाईल, ही धास्ती मी घेतली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांना ओढत दुकानात नेलं.

दुकानदाराने बोटाएवढी जाड केबल काढली. टोकांना सोन्याचा मुलामा. किंमत ऐकून भाऊजींनी ती हळूच परत ठेवली.

"ही वायर आहे की गळ्यातला हार?"

"आवाज खुलतो, काका," दुकानदार म्हणाला.

"आवाजाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतच जायचंय," मी म्हणालो. "साधं तांबं द्या, जरा जाड. आणि एका पदरावर लाल रेघ असलेलं."

भाऊजींनी टोक सोलून तांबं नखाने चाळून पाहिलं. माल पसंत पडला. "पण रेघ कशाला?"

"स्पीकरमागे दोन खुंट्या असतात ना, लाल पदर लाल खुंटीला, काळा काळ्या खुंटीला. दोन्ही स्पीकरना सारखं जोडायचं."

"बल्ब कुठे विचारतो, कुठली तार कुठून आली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी एक स्पीकर उलटा जोडला होता. एक हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि ताईच्या आवाजाला उभं राहायला जागाच मिळत नव्हती. घरी येईपर्यंत मी त्यांना हे समजावत होतो.

नवी वायर त्यांनीच जोडली. टेप लावली, आणि ताई दोन स्पीकरच्या बरोबर मधे आली. आवाज भरदार, स्वच्छ, श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. माझे डोळे भरून आले. जिंकलो, असंही वाटलं.

भाऊजी मधल्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही बसलीय रे. तुझी ताई कधी एका जागी बसलेली आठवते का तुला?"

मी आठवून पाहिलं. शिकवायची फिरत फिरत, जेवायचीसुद्धा उभ्यानेच.

"दुखण्यात बसली," ते म्हणाले. "तेवढीच. तशी मला ती परत नको."

त्यांनी सगळं बंद केलं, खिशातून पेचकस काढला आणि एका स्पीकरमागे वाकले. लाल रेघ काळ्या खुंटीवर गेली. मी त्यांना अडवायला उठलो होतो. उठलोच होतो, तर मीच टेप मागे नेली आणि पुन्हा चालू केली.

"थांबा हं, गॅस बंद करून येते," ताई माझ्या पाठीमागे म्हणाली आणि आत गेली. खरखर सुरू झाली. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. भाऊजी दाराकडे बघत होते. मीही त्यांच्या शेजारी बसून तिची वाट बघू लागलो.