लात्व्हियाची जर्सी

उल्हासनगर कॅम्प पाचमधले आमचे सिंधी अंकल कपड्यांची जुनी लेबलं काढून नवी लावतात. दातांनी धागा तोडल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही. बदलापूरच्या आमच्या टीमसाठी त्यांच्याकडच्या जर्सी घेतल्या. लात्व्हियातल्या एका फुटबॉल क्लबची रद्द झालेली ऑर्डर.

"त्यांच्या लोगोवर आमचा लोगो शिवा," मी म्हणालो.

अंकलनी चहा मागवला आणि मोबाइलवर वाचलेला त्या क्लबचा इतिहासच सांगायला घेतला. कामगारांनी काढलेला क्लब. पुढे मैदान गेलं, नावही गेलं, तरी पोरं दुसरीकडे जाऊन नव्या नावाने खेळत राहिली.

"पार्टिशन में सिंध छूटा, तो अपना कॅम्प भी ऐसे ही बसा, साईं," म्हणत त्यांनी धागा तोडला.

आमचा लोगो त्यांनी शिवला, पण त्या क्लबच्या लोगोच्या शेजारी.

परवा मॅच जिंकल्यावर फोन केला, तर अंकल म्हणाले, "दोनों जीते ना?"