जहाज थांबत नाही, वन्सं

फोन आला तेव्हा मी पोह्यांवर शेव घालत होते. दवाखान्यातून माझा मुलगा शिरीष बोलत होता. "आई, आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी शेव घालत राहिले, ताटलीतले पोहे दिसेनासे झाले तरी घालत राहिले... मग सुनेने हळूच हातातून डबा काढून घेतला.

त्याला आता काही आठवडे झाले. तेरावं झालं, इंदूर-देवासचे पाहुणे परतले, घर पुन्हा आपल्या आवाजावर आलं. एक गोष्ट मात्र तशीच पडून आहे. पुढच्या महिन्यात मुंबईहून सुटणाऱ्या एका जहाजावर आम्हा दोघी नणंद-भावजयांची खोली राखून ठेवलेली आहे. नलूवन्संनीच ती ठरवली होती. शिरीष रोज विचारतो, "आई, कॅन्सल करून टाकू ना? तू एकटी काय करशील पाण्यात?" मी म्हणते, थांब जरा. खरं सांगायचं तर मी घाबरले आहे. जायला घाबरते आणि नाही म्हणायलाही घाबरते. वन्संबद्दल लिहायला बसले ती ह्या दोन भीतींच्या मध्ये.

नलूवन्सं म्हणजे माझ्या यजमानांची बहीण. नात्याने धाकटी, वयाने माझ्यापेक्षा मोठी, आवाजाने सगळ्या घराहून मोठी. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, इथेच उज्जैनला माधव नगरात स्वतःचा फ्लॅट घेतला. सगळी नोकरी फळ्यावर निळ्या खडूने महासागर काढण्यात गेली आणि समुद्र पाहिला तो थेट निवृत्तीनंतर. "वहिनी, तीस-तीस मुलींना मी खोटं शिकवलं गं," पहिल्या सफरीवरून आल्यावर त्या म्हणाल्या, "समुद्र निळा नसतोच." त्यानंतर त्यांना जहाजाचं जे वेड लागलं ते लागलं. दर वर्षी एक सफर, एखाद्या वर्षी दोन. लोक महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला येत आणि आमच्या वन्सं उज्जैनहून बंदराला जात.

मी मात्र पाण्याला भिणारी. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी राम घाटावर स्नानाला नेलं. मी पायरीवरची साखळी दोन्ही हातांनी अशी धरली की सुटता सुटेना, शेवटी त्यांनी लोट्याने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. शेजारचे पंडितजी म्हणाले, "बहूरानी, शिप्रा मैया काटती नहीं हैं." ती बहूरानी पुढे सासू झाली, आजी झाली, पण साखळी काही सुटली नाही. यजमान गेल्यावर वन्संनी मला जहाजावर न्यायचं ठरवलं तेव्हा मी जेमतेम चौसष्टची होते, म्हणजे अक्कल यायचं वय नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, मला बुडून मरायचं नाही." त्या म्हणाल्या, "मग घरी बसून कशी मरणार आहेस ते ठरवलंयस का?" आता अशा बाईशी कोण वाद घालणार.

जहाजाचं एक शास्त्र असतं, आणि ते त्यांनी मला रागावून रागावून शिकवलं. खोली घ्यायची ती मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर. "जहाजाचं डोकं डोलतं, पोट डोलत नाही. वरची बाल्कनी फोटोवाल्यांना लखलाभ." बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोचायचं, कारण आपली गाडी लेट होते, समुद्र होत नाही. मोठी बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, एक साडी आणि चष्मा खांद्यावरच्या पिशवीत. मळमळलं तर डोळे मिटायचे नाहीत, उलट जिथे पाणी आणि आकाश मिळतात त्या रेघेकडे बघत राहायचं आणि तोंडात आलेपाकाची वडी. शाकाहारी माणसाने जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य माणसाला आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं, मग तो दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी डाळसुद्धा शिजवतो. चढल्या चढल्या जीवरक्षक जाकीट घालायची कवायत होते, तिला फाटा द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम... बंदरावर फिरायला उतरलात तर सुटायच्या तासभर आधी परत. "जहाज कोणासाठी थांबत नाही, वहिनी. राजा असला तरी."

हा नियम मोडला तो त्यांनीच. सिंगापूरहून निघालेल्या सफरीत मलेशियाचं पेनांग बंदर लागलं. मला उन्हाचा त्रास होत होता, म्हणून मी वरच राहिले आणि वन्सं एकट्या उतरल्या. दुपार कलली. लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन परतू लागले. दारापाशी प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावलं की टिंग वाजायचं आणि पडद्यावर फोटो यायचा. मी तिथेच एका खुर्चीवर बसून प्रत्येक टिंगला मान वर करत होते. हळूहळू टिंग विरळ झालं. मग थांबलं. दोन खलाशी शिडी काढायच्या तयारीने आले.

तेव्हा ह्या शहाण्या बाईने, म्हणजे मी, जे केलं ते फक्त उज्जैनच्या देवास गेट बस स्टँडवर मुरलेलं माणूसच करू शकतं. आमच्याकडे इंदूरची बस निघायला लागली आणि घरचं कोणी मागे राहिलं तर एकाने पायरीवर एक पाय ठेवून उभं राहायचं असतं. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि ओरडायचं. गाडी हलत नाही. मी जाऊन बरोबर तसाच पाय ठेवला. एक चप्पल जहाजात, एक शिडीवर. म्हटलं, "भैया, दो मिनिट रुको, हमारी सवारी पीछे आ रही है." तो भैया फिलिपिन्सचा होता. त्याला वाटलं, म्हातारीला उतरायचंय. तो मला बाहेर न्यायला लागला, मी आत ओढायला लागले, आणि एवढ्या मोठ्या, बारा मजली जहाजाचा खोळंबा एका नऊवारी न नेसणाऱ्या, पाचवारी सावरणाऱ्या बाईच्या चपलेने झाला. झाला असेल मिनिटभर. मग डेस्कवरची गोव्याची एक मुलगी धावत आली. तिने हळूच माझा पाय आत घेतला आणि हिंदीत विचारलं, "आंटी, उनका पासपोर्ट कहाँ रखा है?"

मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, बंदरावरच्या आमच्या माणसाकडे द्यायचाय, म्हणजे मॅडमना विमानाने पुढच्या बंदराला येता येईल. तेव्हा मला कळलं, जहाज खरंच निघालं. खोलीतली तिजोरी उघडून जहाजाच्या माणसांनी वन्संचा पासपोर्ट नेला. त्यांच्या चपला, गाऊन, अर्धवट वाचलेलं मासिक, सगळं तिथेच होतं. मी वर कठड्याशी गेले. भोंगा वाजला तो कानात नाही, बरगड्यांत वाजला. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाणी दिसायला लागलं. आधी हाताएवढं, मग गल्लीएवढं, मग शिप्रेएवढं... त्यापुढे माझ्याकडे मोजायला नदीच नव्हती.

मी खोलीत येऊन जीवरक्षक जाकीट चढवलं. साडीवर भगवं जाकीट, त्याच्या छातीवर शिट्टी. तशीच पलंगाच्या कडेला बसले. वन्सं कुठे असतील, पडल्या असतील का, कोणी लुटलं असेल का, मला हिंदी-मराठीपलीकडे काही येत नाही, मी मेले तर कळवणार कोणाला... अंग थरथरत होतं आणि जहाजही, त्यामुळे कोणाचं कोणतं ते समजेना. दारावर टकटक झाली. तीच गोव्याची मुलगी होती. हातात चहा. मी मागवला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, हसली नाही. पेला हातात दिला आणि म्हणाली, "आंटी, पी लो, गरम है." मॅडमचा फोन आलाय, त्या ठीक आहेत, हे तिने नंतर सांगितलं. पण मला वाटतं, मी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हाच श्वास घेतला होता. जाकीट मात्र काढलं नाही. तसंच घालून झोपले, आणि सकाळी न्याहारीलाही तसंच जाणार होते, पण शिट्टी दुधाच्या पेल्यात बुडेल म्हणून काढलं.

पुढच्या बंदराला, फुकेतला, वन्सं धक्क्यावर उभ्या होत्या, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू. "बाजारात रमले गं." मी परतीपर्यंत धड बोलले नाही. उज्जैनला आल्यावर मी चपलेची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली आणि जाकिटाची गिळून टाकली.

शेवटची भेट दवाखान्यात झाली, जायच्या आदल्या संध्याकाळी. त्यांचा हात धरून बसले होते. म्हणाल्या, "वहिनी, पेनांगला मी बाजारात रमले नव्हते."

"मग?"

"एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं झालं. उठताच येईना. समोर आपल्या जहाजाचं धुराडं दिसत होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा चढली असतीस जहाजावर?"

"मी तशीही तुमच्या धाकानेच चढत होते."

हसल्या, पण हसणं झेपलं नाही.  मग माझा हात घट्ट धरला, राम घाटावरची साखळी मी धरली होती तसा. "मला भीती वाटतेय गं. कधी नव्हे ते... तू तेव्हा एकटी कशी राहिलीस? नीट सांगितलंच नाहीस."

मी आयुष्यभर त्यांच्याकडून शिकत आले. त्या मला विचारतील असं कधी वाटलं नव्हतं. म्हणून जाकिटाची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली, शिट्टीसकट. आणि म्हटलं, "पहिला तास वाईट असतो, वन्सं. मग कोणीतरी चहा घेऊन येतं."

"आणि नाही आलं तर?"

"येतं. आपण मागवलेला नसतो, तरी येतं."

त्यांनी जरा विचार केला. "साखर कमी सांग," म्हणाल्या आणि डोळे मिटले. रात्री शिरीष थांबणार होता, म्हणून मी घरी आले.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळते आहे. मी त्यांना जे सांगितलं ते खरं होतं, की घाबरलेल्या माणसाला घातलेली समजूत? एका चहाच्या जोरावर मी केवढं बोलून बसले. राम घाटावर अस्थी सोडल्या तेव्हा हेच मनात होतं. पाणी त्यांना घेऊन चाललं होतं आणि मला विचारायची सोय नव्हती... वन्सं, आलं का कोणी?

इथवर लिहून झालं आणि काल त्यांचा फ्लॅट आवरायला गेले. जहाजाच्या खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे वन्सं नेहमी चुंबकाचे हुक घेऊन जात. टोपी, पिशवी, ओला टॉवेल, सगळं भिंतीवर, खोलीत पसारा नाही. सफर नसेल तेव्हा ते हुक त्यांच्या लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटलेले असत. काल पाहिलं, एक उंचावर, त्यांच्या हाताच्या मापाने लावलेला, त्यावर टोपी. आणि एक बराच खाली, माझ्या बुटक्या हाताला येईल असा. त्यावर काही नव्हतं. मी त्या घरी कधी राहायला गेले नाही, पण माझी पिशवी टांगायची जागा त्यांनी ठेवली होती.

खालचा हुक सहज निघाला. वरच्यासाठी स्टुलावर चढावं लागलं. तेवढ्यात शिरीषचा फोन आला, तोच प्रश्न. म्हटलं, कॅन्सल करू नकोस. तो म्हणाला, "आई, तुझा आवाज कापतोय." म्हटलं, कापू दे.

दोन्ही हुक पिशवीत ठेवले आहेत. वरचा जहाजाच्या भिंतीवर मला लावता येणार नाही, हातच पोचणार नाही. कोणाला तरी बोलवावं लागेल. बोलवीन.