काय पडलं म्हणून इचारणारं घर

घर बगायला गेलं की मी आधी सैपाकघरात जायची. हॉल बगायची न्हाई, बाल्कनी बगायची न्हाई, सरळ आत, आन तितल्या खिडकीतनं वाकून बाहीर बगायची, पलीकडं कोण माणूस हाय का. मला वाटायचं ह्ये कुणाच्या ध्यानात येत न्हाई. आमच्या एजंट काकांच्या ध्यानात ते तिसऱ्या घरातच आलं व्हतं. त्येनी ते मला लय उशिरा सांगितलं.

तवा आमी माधवनगरला भाड्यानं ऱ्हायचो. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, आन भिंतीपलीकडं मालकाचं यंत्रमाग. सकाळी सातला सुरू झालं की खटाखट खटाखट दिवसभर. आमचं ह्ये हळदीची गाडी चालवत्यात, सांगलीतनं भरून एकदा निघालं की तीन-चार दिस तोंड दिसत न्हाई. मी आन पोरगं, दोघंच. पोरगं दोन वर्साचं झालं न्हवतं तवा एका दुपारी त्याला ताप चढला आन आकडी आली. डोळं वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी वरडायला गेले तर आधी नरड्यातनं आवाजच निघंना, आन निघाला तवा माग चालू, माझा आवाज मलाच आला न्हाई. पोराला छातीशी धरून मी तशीच अनवाणी रस्त्यावर पळाले, एका रिक्षावाल्यानं बगितलं म्हणून दवाखान्यात पोचले. डॉक्टर म्हणलं, तापातनं येती, लय लेकरांना येती, पाच-सहा वर्साचं झालं की बहुतेक जाती. पर तवर परत येऊ शकती. आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काय घालायचं न्हाई, पाच मिनिटांच्या वर ऱ्हायली तर लगेच आणायचं.

परत येऊ शकती, एवढंच माझ्या डोक्यात ऱ्हायलं. मी सातवीतनं शाळा सोडलेली, माहेर कडेगावकडं उसाच्या रानातलं, मला काय कळतंय. पोरगं जरा गप झोपलं तरी मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची.

ह्ये म्हणलं, "कुणाला सांगू नगंस. एकदा फेफऱ्याचं पोर म्हणलं की जन्माला चिकटतंय." मग न्हाई सांगितलं. घरच्यांना न्हाई, शेजारी तर न्हवतंच कोण.

तेवढ्यात मालकानं सांगितलं, मला हितं आनखी माग बसवायचं हाईत, दिवाळीपातूर खोली सोडा. ह्यांचं घर घ्यायचं चाललंच व्हतं, कर्जाचं बी होईल म्हणून बँकेनं सांगितलेलं. त्यांना घर पायजे व्हतं. मला पायजे व्हतं मी वरडलं की ऐकणारं कोणतरी. पर ते सांगायचं न्हवतं, आन न सांगता घर कसं शोधायचं.

एजंट काका सातारकडचं. आधी यष्टीत कंडक्टर व्हतं, रिटायर झाल्यावर लेकीकडं सांगलीला आलं आन ह्ये काम धरलं. बारीक अंगाचं, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा, आन जुनी स्कूटर. मला वाटलेलं एजंट म्हणजी गोड बोलून गळ्यात मारणारा. काकांचं उलटंच. घराचं कुलूप काढायच्या आधीच बाहीर उभा ऱ्हाऊन घराची खोड सांगायचं. "ताई, हितं पाणी दिसाआड येतं. मागल्या भिंतीला ओल धरती. आता आत जा." पुराचं तर आमी इचारायच्या आधी भिंतीपाशी नेऊन हात छातीला लावायचं, "हितवर आलतं." मग आमी आत, आन ते बाहीर. एकदा बी आत येऊन ह्ये बगा ते बगा केलं न्हाई. ह्यांनी एकदा इचारलं, "काका, तुमी आत येत न्हाईसा?" तर म्हणलं, "पावणं, मी आत आलो की तुमी माझ्याकडं बगणार. घराकडं बगा."

आन येळ बी असली निवडायचं. एक घर दाखवायला भर दुपारी तीनला नेलं, का तर वरचा स्लॅब कसा तापतोय ते कळावं. एक शाळा सुटायच्या टायमाला, रिक्षांची गर्दी बगावी म्हणून. मी मनात म्हणायची, ह्यो माणूस घर विकतोय का मोडतोय.

आमच्या आधीच्या एका गिऱ्हाईकाचं काका सांगायचं. साताऱ्याचं रिटायर मास्तर, सांगलीला लेकाजवळ घर घ्यायचं व्हतं. मास्तर प्रत्येक घरात खिशातनं गोटी काढून फरशीवर ठिवायचं. गोटी घरंगळली की घर नापास. बायको मागनं म्हणायची, "आवं, आपण ऱ्हायला आलोय का गोट्या खेळायला." काका म्हणलं, सातव्या घराला मीच दोन गोट्या घिऊन गेलो, म्हणलं मास्तर, तुमची एक, माझी एक, दोघांचं बगू. मास्तर हसलं आन ते घर घेतलं. मी इचारलं, तितं गोटी थांबली व्हय? काका म्हणलं, "न्हाई ओ, घरंगळली. पर मास्तरांना गोटीचं न्हवतंच. त्यांना भ्या व्हतं की आपल्याला कोणतरी फसवतंय. मी गोटी घिऊन गेलो म्हणल्यावर भ्या गेलं."

मी पदर सारखा केला आन पुढच्या घराचं इचारलं.

आमाला त्येनी नऊ घरं दावली. विश्रामबागचा फ्लॅट नवा व्हता, लिफ्ट, सगळं. पर मजल्यावर चार दारं आन चारी बंद, सगळी नोकरीला. मी म्हणलं, जिना लय उभा हाय. काका म्हणलं, बरं. कुपवाडला रो हाऊस बगितलं, शेजारी कारखान्याचं गोडाऊन. मी म्हणलं, वारं येत न्हाई, आन तवाच माझा पदर उडून डोक्यावर आला. काका त्या पदराकडं बगून म्हणलं, बरं. मग एक लय झ्याक घर, ह्यांना बगताक्षणी आवडलं, पुढं पेरूचं झाड, उंच कंपाऊंड. शेजारचं लोक पुण्याला, वर्सातनं एकदा येत्यात. मी म्हणलं, देवघराची दिशा चुकीची हाय.

ह्ये माझ्याकडं बगतच ऱ्हायलं. "तुला कवापास्नं दिशा कळाय लागल्या?"

"सगळ्यांना कळत्यात," मी म्हणलं.

"परवा बसस्टँडला जाताना तू उलटी निघालीवतीस."

काकांनी आमच्या दोघांच्या बोलण्यात पडायचं न्हाई म्हणून पेरूच्या झाडाखाली जाऊन उगंच पानं बगितली. परत येताना गाडीवर ह्ये म्हणलं, आता आनखी एक. ते न्हाई पटलं तर मी म्हणंल ते घ्यायचं, मग तितं पेरू असू दे न्हाईतर गोडाऊन. आन दुसऱ्या दिशी हळद भरून गेलं.

त्या दोन-तीन दिसातच काका आधारची झेरॉक्स न्यायला आमच्या खोलीवर आलं. पैल्यांदाच आलं. मी चहा टाकला, ते पडवीत बसलं. माग चालू. ते काय म्हणत्यात मला ऐकू येईना, मी काय म्हणते त्यांना येईना, कागद देता-घेता निस्ती मान हलवत बसलो. मग त्यांची नजर दाराच्या मागं गेली. तितं खिळ्याला मी परात अडकवलीवती आन तिच्यासंगं दोरीनं बांधलेलं लाटणं. आकडी आली आन आवाज फुटला न्हाई तर बडवायला. एकदा बडवून बगितलीवती. मागाच्या आवाजात ती बी कुणाला आली न्हाई, पर काढून ठिवायचा धीर झाला न्हाई.

काका परातीकडं बगत ऱ्हायलं. मग पोराकडं बगितलं. औषधाची बाटली वर फळीवर व्हती. ती बी बगितली. चहा पिलं, कप स्वतः मोरीत नेऊन ठिवला आन गेलं.

दुसऱ्या दिशी सकाळी फोन. "ताई, पावणं न्हाईत म्हणून काय झालं, एक घर दावतो. कुणाला सोबत घेऊन या पायजे तर." मी म्हणलं, मी एकटीच येते, पोराला घेऊन.

घर गावभागात, जुन्या बाजूला, जरा उंचवट्यावर. बाहीर उभा ऱ्हाऊन त्येनी खोड सांगितली. "भिंत शेजारच्याची आन ह्या घराची एकच हाय. अंगण एकच. आन सैपाकघराची खिडकी समोरच्यांच्या सैपाकघराच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर मीठ घेता येईल. लोक म्हणत्यात, आमच्यात काय शिजतंय ते त्यास्नी कळतंय. दोन वर्सं ह्ये घर पडून हाय. मी बी तुमाला दावलं न्हवतं, म्हणलं तुमाला पसंत पडायचं न्हाई."

आन मग त्येनी पैल्यांदा माझ्यासंगं आत पाय ठिवला. सैपाकघरात येऊन म्हणलं, "पोरी, तू प्रत्येक घरात हितं येऊन खिडकीतनं बगतीस. तोंडानं जिना म्हणतीस, वारं म्हणतीस. गिऱ्हाईक तोंडानं एक सांगतं, पायानं दुसरं. मी पाय बगतो. काय झालंय ते मला सांगू नगं. निस्ती हाक मार."

"कुणाला?"

"कुणाला बी. आवं म्हण."

मला आवाजच फुटंना. पोरगं कडंवर, घर मोकळं, आन तवाच्यासारखंच झालं. मी तोंड उघडलं आन हवाच गेली. डोळं भरलं. काकांनी ते बगितलं, म्हणलं, "ऱ्हाऊ दे." पिशवीतनं जेवणाचा डबा काढला, त्याचं झाकण काढलं आन दिलं फरशीवर सोडून. ठण्ण करून पडलं आन गोल गोल फिरत बसलं.

ते थांबायच्या आधीच समोरच्या खिडकीत एक बाई. पन्नाशीची, हात पिठानं भरलेलं. "काय पडलं गं?"

खरं तर तितं कोण ऱ्हात न्हाई ते तिला ठाऊक. तरी इचारलं. आन उत्तराची वाट बगायच्या आधी पुढच्या अंगणातनं ती दारात येऊन उभी बी ऱ्हायली. काकांना म्हणली, "तुमी हाय व्हय. मी म्हणलं मांजर शिरलं."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वरडायची गरजच न्हाई, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा येळ लागला.

तिला सगळी चाची म्हणत्यात. तिच्या घरचं गादी-उशीचं दुकान. तिनं पाणी आणून दिलं, पोराच्या हातात बिस्कीट दिलं आन भाकरी करपंल म्हणून गेली. मी काकांना म्हणलं, ह्येच घर. ह्यांना मी सांगते.

काका म्हणलं, "थांब. इसार द्यायच्या आधी एक काम हाय. जे हाय ते त्या बाईला सांग."

"न्हाई जमायचं काका. आमच्या ह्यांनी—"

"पावण्यांचं बरोबर हाय त्यांच्या जागी. पर मी तुला भिंत दाखवली, खिडकी दाखवली. ते सोपं हाय. ती बाई रोज तुझ्यासमोर असणार. तिला ठावं न्हाई तर ती धावत येईल आन नुसती उभी ऱ्हाईल. माणसाला काय करायचं ते सांगितलेलं असावं. मी तुला घर देऊ शकतो, शेजार तुझा तुलाच घ्यावा लागंल."

एजंटानं आपला व्यवहार असा हातानं थांबवलेला मी कवा ऐकला न्हवता. मी जर घाबरून न्हाई म्हणले असते तर त्यांचं दोन म्हयन्याचं हिंडणं पाण्यात. तरी ते अंगणात पायरीवर जाऊन बसलं आन डबा उघडून जेवाय लागलं, जणू सारा दिस मोकळाच हाय.

मी ह्यांना फोन लावला. ह्ये बेळगावच्या पुढं. "नगं सांगू," ह्ये म्हणलं, "घर घे, सांगू नगंस." मी व्हय म्हणलं, फोन ठिवला आन चाचीच्या दारात गेले.

कसं सांगितलं मला आठवत न्हाई. एका दमात सांगितलं एवढं ठावं हाय. चाची तव्याकडं बगत ऐकत व्हती. माझं झाल्यावर म्हणली, "कांदा फोडून नाकाला लावायचा का?"

"न्हाई. कायच न्हाई लावायचं. निस्तं कुशीवर वळवायचं."

"कुठल्या?"

"कुठल्या बी."

तिनं भाकरी उलटली. "बरं. औषध कुटं ठिवतीस ते आल्यावर दाव मला. आन दुपारी आतनं कडी लावत जाऊ नगंस, मला दार तोडाय यायचं न्हाई ह्या वयात."

दसऱ्याला आमी ह्या घरात आलो. ह्ये माझ्यावर म्हयनाभर धुसफुसत व्हतं, चाची अंगणात दिसली की खाली मान घालून गाडीवर बसायचं. एजंट काका मधनं एकदा येऊन गेलं, नळ गळतोय का बगितलं, दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाईकाला घिऊन पलीकडच्या गल्लीत आलेलं. त्या गिऱ्हाईक बाईला म्हणं हिरवी फरशी नगं व्हती, आठ घरं झालीवती. काका म्हणलं, फरशीचं न्हाई ते, अजून सापडलं न्हाई कशाचं हाय.

थंडीत एका दुपारी तापात पोराला परत आकडी आली. माझ्या हातातनं पातेलं सुटलं, एवढंच मी केलं. चाची आत आली तवा मी नुसती त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलीवते. तिनंच त्याला कुशीवर वळवलं, तिनंच भिंतीवरच्या घड्याळाकडं बगून मिनिटं मोजली, आन मला म्हणली, "तू त्याचा हात धर, बाकी मी हाय." दोन मिनिटांत उतरली. रिक्षा बी तिच्या लेकानं दारात आणलीवती.

राती ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. ह्ये ऐकत व्हतं, मागं गाड्यांचा आवाज येत व्हता. मग म्हणलं, "चाचीचा नंबर पाठव मला."